सोमवारी जाणारे बल्ब

मित्रांनो, बल्ब गेला की तुम्ही बल्बकडे बघता. त्याला धरून ठेवणाऱ्याकडे कोण बघतो? तो धरून ठेवणारा मी. मी एक जुना पितळी होल्डर आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा आरशासारखा लखलखत होतो. एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत मला टांगले आणि छत्तीस वर्षे मी तिथे इमानेइतबारे लोंबकळलो. माझ्या उजेडात आजीने मुलाला पाढे शिकवले, आजोबांनी घड्याळे दुरुस्त केली. "होल्डर असावा तर असा," असे आजोबा म्हणायचे.

आजीची एक सवय होती. पिठाचा डबा असो की औषधाची बाटली, ती त्यावर तारीख टाकायची. बल्बही सुटले नाहीत. लावताना एक तारीख, गेल्यावर दुसरी, आणि मग तो बल्ब बुटांच्या खोक्यात. दुकानदाराशी भांडायला पुरावा नको का!

गेल्या वर्षी मात्र ते खोके भराभर भरू लागले. दुकान बदलले, महागडे बल्ब आणले, तेही पंधरा दिवसांत मान टाकू लागले. शेवटी मुलगा स्टुलावर चढला. मेन स्विच बंद करायची अक्कल त्याला होती, पुढची मात्र कमी पडली. "आई, हा होल्डरच कामातून गेलाय," म्हणत त्याने मला उतरवले आणि त्याच खोक्यात टाकले. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला फार वाईट वाटले.

माझ्या जागी प्लॅस्टिकचा पांढरा होल्डर आला. त्याचाही बल्ब नवव्या दिवशी गेला. खोटे कशाला बोलू, मला जरा बरेच वाटले. पण ते फार वेळ टिकले नाही. आजोबा तेव्हा दवाखान्यात होते. येत्या सोमवारी ते घरी येणार होते आणि त्यांच्या श्वासाचे मशीन आधीच येऊन भिंतीशी उभे होते. जी वीज बल्ब जाळते, ती त्या मशीनला सोडेल का?

शनिवारी आजी दुकानदाराशी भांडायच्या तयारीने खोके घेऊन बसली. एकेक बल्ब कॅलेंडरशी ताडता ताडता ती थांबली.

"अरे, हे अलीकडचे सगळे सोमवारीच गेलेत!"

"बल्बांनाही सोमवारी कामाचा कंटाळा येत असेल," मुलगा हसला.

"हसू नकोस. सोमवारी खाली काय चालतं?"

मुलाचे हसू मावळले. सोमवारी खालच्या लाँड्रीत हॉटेलच्या चादरींचे मोठे मशीन चालायचे. तेव्हा आमचा बल्ब मंद होत नसे, उलट डोळे दिपवायचा. मी ते कितीदा सोसले होते, पण सांगायला मला तोंड कुठे?

रविवारी वायरमन आला. आजीने लाँड्रीवाल्याला गळ घालून ते मशीन सुरू करायला लावले. वायरमनने आमच्या प्लगात मीटर लावले आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मावशी, दोनशे तीस व्होल्टच्या जागी दोनशे नव्वद दाखवतंय. परतीची तार, न्यूट्रल, कुठंतरी सैल आहे. खाली मशीन लागलं की तुमच्याकडे दाब चढतो. नुसते बल्ब बदलून काय होणार?"

जिन्याखालच्या पेटीत त्या तारेचा स्क्रू ढिला होऊन काळा पडला होता. तिथे वीज कंपनीचे सील होते, म्हणून त्याने स्वतः हात न लावता कंपनीचा माणूस बोलावला. संध्याकाळपर्यंत तार घट्ट बसली. चादरींचे मशीन पुन्हा चालवून पाहिले, तर मीटरचा आकडा फारसा हललाच नाही.

मग वायरमनने मला खोक्यातून उचलून आत डोकावले. "याला कशाला काढलात? ठणठणीत आहे की!"

आजीने मला फडक्याने पुसले. "चुकलंच रे आमचं," ती म्हणाली. छत्तीस वर्षांत माझ्याशी कोणी असे बोलले नव्हते. त्यांनी मला आजोबांच्या पलंगाच्या वर, छताला टांगले.

सोमवारी आजोबा आले. श्वासाचे मशीन सुरू झाले, थोड्या वेळाने खाली चादरींचेही. आजीने वर माझ्याकडे पाहिले. मुलाने पाहिले. नाकाला नळी लावलेल्या आजोबांनीही पाहिले. मी बल्ब घट्ट धरून होतो. त्याचा उजेड तसूभरही बदलला नाही, आणि मशीनची घरघर एका लयीत चालू राहिली.

मित्रांनो, बल्ब पुन्हापुन्हा जात असेल तर त्याला किंवा माझ्यासारख्या म्हाताऱ्याला बोल लावू नका. तो कधी जातो ते बघा आणि जाणत्या वायरमनला बोलवा. माझ्या बल्बच्या मानेवर आजीने लिहिलेली त्या रविवारची तारीख आता फिकट झाली आहे. तिच्या शेजारची जागा अजून कोरी आहे. आणि खाली, माझ्या उजेडात, आजोबा एक घड्याळ उघडून बसले आहेत.