कुरडईचं बटण

मित्रांनो, मी एका लाल गाडीतलं जुनं बटण आहे. गेली दोन वर्षं माझ्याकडून काहीही होत नाही, तरी मला नेमानं दाबतात. अशी नोकरी फार थोड्यांच्या नशिबी येते, म्हणून माझी हकीकत सांगतो.

माझा जन्म परदेशात झाला. तोंडावर स्प्रिंगचं चित्र छापून मला दोन माणसांच्या एका स्पोर्ट्स गाडीत, गिअरच्या मागं बसवलं. काम सोपं पण मानाचं. चारही चाकांच्या शॉकअब्सॉर्बरांतून निघालेल्या तारांचा हुकूम माझ्या हाती होता. मला एकदा दाबलं की आतल्या तेलाची वाट मोठी होई आणि गाडी मऊ चाले. पुन्हा दाबलं की गाडी ताठ, वळणावर जराही कलायची नाही. मला त्याचा थोडा गर्व होता. तारा शाबूत असल्या की तो होतोच.

माझ्या मालकांची, काकासाहेबांची, करमाडकडची जमीन कारखान्यांना गेली आणि पैसा आला, तेव्हा त्यांच्या भाऊबंदांनी प्लॉट घेतले. काकासाहेबांनी मायदेशी निघालेल्या एका परदेशी साहेबाकडून ही गाडी घेतली. गाव महिनाभर हसलं. आत बसताना काकासाहेबांना आधी टोपी काढावी लागे, मग गुडघे एकेक करून आत घ्यावे लागत.

काकासाहेब बोलण्यात काटकसरी. बायकोला, द्वारकाबाईंना, ते 'भाजी चांगली झाली' एवढंसुद्धा म्हणाल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण दर रविवारी दोघं पिशोरला, द्वारकाबाईंच्या बहिणीकडं निघाले, की प्रत्येक खड्ड्याआधी त्यांचा अंगठा माझ्यावर येई. द्वारकाबाईंना माझ्या तोंडावरची स्प्रिंग कुरडईसारखी दिसे.

"अहो, पुढं पुलापाशी खचलंय. कुरडई दाबा."

"दाबली."

"व्हय. मऊ लागलं."

कधी कधी पिशोर येईपर्यंत एवढंच बोलणं होई, पण होई.

मग शॉकअब्सॉर्बर म्हातारे झाले. तेल गळलं, समोर पिवळा दिवा लागला आणि गाडी कायमची दगड झाली. मला कितीही दाबा, उपयोग नाही. एका रविवारी द्वारकाबाईंची कंबर अशी भरली, की त्यांना उतरवायला दोन बायका लागल्या.

"मी आता एसटीनं जाईन," त्या म्हणाल्या. "तुमी या मागून, तुमच्या रणगाड्यात."

पुढचे तीन रविवार काकासाहेब खरोखरच एसटीच्या मागं मागं गेले. शेजारच्या सीटवर डब्याची पिशवी होती, तिला पट्टाही लावला होता. खड्डा आला की अंगठा माझ्यापर्यंत यायचा आणि तसाच परत जायचा.

चौथ्या आठवड्यात ते चितेगावला पुंडलिक मिस्त्रीकडं गेले. पुंडलिकनं गाडी उचलून खालून पाहिली.

"काका, असले तारवाले शॉकअब्सॉर्बर कंपनीनं बनवणंच बंद केलंय. दुसऱ्या कंपनीचे साधे बसवू, चांगले हायेत. बटणाचं काम मात्र संपलं. ह्या साध्यांना वर गोल खटका असतो, बोनेट उघडून हातानं फिरवायचा. एकदा लावला की लावला. कडक ठेवू का नरम?"

काकासाहेबांनी आजूबाजूला कुणी नाही ना, ते पाहिलं. "पार नरम."

"मग ही स्पोर्ट्स गाडी कशाची? वळणावर म्हशीसारखी झुलंल."

"झुलू दे."

पुंडलिकनं माझ्या तारांच्या टोकांना खोटी टोपणं लावली, म्हणजे गाडीच्या कंप्युटरला सगळं जागेवर आहे असं वाटावं आणि दिवा लागू नये. मग त्यानं माझ्या कडेला स्क्रूड्रायव्हर घातला.

"हे काढतो. झाकण बसवू."

मित्रांनो, मला आयुष्यात तेवढा एकदाच देव आठवला.

"राहू दे," काकासाहेब म्हणाले. "आणि घरी बोलू नको. तिला कुरडई लागती."

रविवारी काकासाहेबांनी 'एकदा बसून बघ' म्हटल्यावर द्वारकाबाई गाडीत एक हात कमरेवर ठेवूनच बसल्या. खड्डा आला, अंगठा आला. मी इमानानं 'टक्' केलं. आवाज माझा अजून खणखणीत आहे. गाडी अलगद उतरली आणि चढली.

"लई मऊ लागलं की."

"मिस्त्रीनं बटण दुरुस्त केलं," काकासाहेब इतक्या गंभीरपणे म्हणाले, की क्षणभर मलाही खरं वाटलं.

पुढं पुंडलिक एकदा घरी ऑइल बदलायला आला. काकासाहेब आंघोळीला गेले होते. द्वारकाबाईंनी चहा आणून दिला. गुपित राखण्याची पुंडलिकची ताकद अर्धा कप होती.

"काकू, त्या बटणात आता कायबी नाय. गाडी कायमचीच नरम केलीय, काकांनी सांगून."

द्वारकाबाईंनी गाडीच्या उघड्या दारातून वाकून माझ्याकडं पाहिलं. "त्यांना बोलू नका, मला सांगितलं म्हणून," त्या म्हणाल्या. "दाबू द्या."

आता पुंडलिककडं दोघांचं गुपित आहे. त्या घरी तो चहाला थांबत नाही.

गेल्या महिन्यात पाण्याची मोटर उचलताना काकासाहेबांची कंबर भरली. तरी रविवारी कमरेला पट्टा आवळून ते स्टिअरिंगवर बसलेच. दोन्ही हात घट्ट, ओठ त्याहून घट्ट. पुलाआधीचा खड्डा आला. अंगठा आला नाही.

तेव्हा द्वारकाबाईंनी हात पुढं केला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला स्वतः दाबलं. टक्.

गाडी उतरली, चढली. होती तशीच.

"लागलं का मऊ?"

 माझ्यात काही उरलेलं नाही हे काकासाहेबांइतकं कुणाला ठाऊक?

"व्हय," ते म्हणाले. "लई मऊ."

पिशोरची पहिली घरं दिसायला लागल्यावर ते पुन्हा बोलले. "काल भाजी चांगली झाली होती."

मित्रांनो, शॉकअब्सॉर्बर वेळच्या वेळी तपासून घ्या, तेल गळेपर्यंत थांबू नका. ते बदलावे लागले तर खुशाल बदला. पण एखादं जुनं बटण काढायला स्क्रूड्रायव्हर घातलात, तर आधी घरात विचारा, ते अजून कोण कोणासाठी दाबतं.