भाच्याच्या हातातलं मुख्त्यारपत्र

सोसायटीची सेक्रेटरी होणं म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणं, हे काशीनाथने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला आधीच सांगितलं होतं. पण बँकेतून व्हीआरएस घेतल्यावर मला घरात बसवेना, आणि टँकरवाल्याशी भांडायला आमच्या भाईंदरच्या बिल्डिंगमध्ये दुसरं कुणी तयार नव्हतं. म्हणून २००६ सालच्या त्या रविवारी यतीन कागद घेऊन आला तो माझ्याच दारात.

यतीन हा तळमजल्यावरच्या सुगंधाताई सामंतांचा भाचा. ताईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तो त्यांना काशीमीऱ्याला आपल्या घरी घेऊन गेला, तेव्हा बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं होतं. त्यात मीही होते.

“मावशीने मला पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी दिलीय, काकू,” तो सोफ्यावर ऐसपैस बसत म्हणाला. “फ्लॅट विकतोय. पार्टी तयार आहे. तुमची एनओसी तेवढी द्या.”

मी कागद वाचला. नोटरीचा शिक्का होता, ताईंचा फोटो होता, सहीसुद्धा त्यांचीच. घर विकायचा अधिकार भाच्याला दिल्याचं स्वच्छ लिहिलं होतं. पण हातात होती ती झेरॉक्स.

“ओरिजिनल कुठाय?”

“लॉकरमध्ये.”

“रजिस्टर केलंय?”

“नोटरी केलंय ना काकू, चालतं तेवढं. सगळे तेच करतात.”

सगळे करतात म्हटलं की माझं डोकं फिरतं. बँकेत अशी मुख्त्यारपत्रं मी खूप पाहिली. कागद खरा असतो, सही खरी असते, आणि सही करणाऱ्याला आपण काय लिहून दिलं याचा पत्ता नसतो.

“मला ताईंशी बोलायचंय,” मी म्हणाले.

त्याने तत्काळ मोबाइल काढला, नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

“हॅलो, मी सुगंधा गुणवंत सामंत बोलतेय,” पलीकडून थकलेला, घोगरा आवाज आला. “वासंती, पॉवर मीच दिलीय गं. गुणवंत गेल्यापासून ते घर खायला उठतं. यतीनला एनओसी देऊन टाक.”



ताई नवऱ्याचं नाव घेत नाहीत. कधीच नाही. जुन्या वळणाची बाई, ‘हे’ आणि ‘ह्यांचं’ यावर सगळा संसार झाला. मतदारयादीवाला दारात येऊन नवऱ्याचं नाव विचारायला लागला, तेव्हा त्यांनी पाटीकडे बोट दाखवून सांगितलं, “तिथे आहे, वाचून घे.” तो हसला, ताई हसल्या नाहीत. आणि ही फोनवरची बाई ‘गुणवंत गेल्यापासून’ म्हणत होती, दूधवाला गावाला गेल्यासारखं! हल्लीच्या कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. मीसुद्धा नवऱ्याला नावानेच हाक मारते, रागात असले की जरा जास्तच मोठ्याने. ही चूक माझ्यासारखीच कुणीतरी केली होती.

मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. “ताईंना एकदा रिक्षाने इकडे घेऊन ये. समोर बोलल्या की लगेच देते.”

यतीनचा चेहरा उतरला. “डोळ्याला वारा लागायचा नाही म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी. आणि काकू, हा आमच्या घरातला मामला आहे. तुम्ही बाहेरच्या.”

“बाहेरची आहे म्हणूनच विचारतेय.”

तो पाय आपटत खाली गेला. पार्टी घर बघायला येणार होती.

“तुला काय पडलंय?” काशीनाथ म्हणाला. “मावशी-भाचे उद्या एक होतील आणि वाईट तू ठरशील.”

“ठरू दे. चप्पल घाल.”

यतीनचा पत्ता त्याने दिलेल्या एनओसीच्या अर्जावरच होता. काशीमीऱ्याला हायवेवर ट्रकांच्या गर्दीत आमची रिक्षा अडकली, तेव्हा मी खाली उतरून चालायला लागले. काशीनाथ मागून पैसे चुकते करून धावत आला. गॅरेजच्या मागच्या गल्लीतल्या बिल्डिंगमध्ये यतीनच्या बायकोने, दिशाने, दार उघडलं.

“कोण पाहिजे?” तिने विचारलं.

आवाज तोच होता, फक्त त्यातला थकवा उतरला होता. मी उत्तर न देता तिच्या बाजूने सरळ आत शिरले.

ताई पलंगावर काळा चष्मा लावून मेथी निवडत बसल्या होत्या. मी हाक मारली तशा त्यांचा चेहरा उजळला.

“वासंती! अगं, ये ये. भिंतीची ओल सुकली का गं?”

“कसली ओल, ताई?”

“बाथरूमकडची. यतीन म्हणाला, अख्खी भिंत फोडायला लागतेय. सोसायटी परवानगी देत नाही म्हणून माझी सही घेऊन गेला. तुम्ही पण कमाल करता हं, भिंतीला कसली परवानगी? मला आता घरची ओढ लागलीय.”

मला रडूच फुटलं असतं. पण रडायला मी आले नव्हते.

“ताई, भिंत कोरडी आहे. यतीन तुमचं घर विकतोय. तुमची सही त्यासाठी घेतलीय. गिऱ्हाईक आत्ता तुमच्या घरात उभं असेल.”

ताईंच्या हातातली काडी हातातच राहिली.

“तुमच्या भल्यासाठीच ना, मावशी!” दिशा पुढे आली. तिचे डोळे भरले होते. “एकट्या कशा राहणार तुम्ही? या एवढ्याशा खोलीत सगळ्यांचं कसं भागणार? मोठं घर घेणार होतो, तुम्हाला वेगळी खोली देणार होतो.”

ती सगळंच खोटं बोलत नव्हती. त्यामुळे माझा संताप आणखीनच वाढला.

“मग मला विचारायचं होतंत,” ताई म्हणाल्या.

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.”

“हो. म्हणाले असते.”

मग मी ताईंना समजावलं की दिलेलं मुख्त्यारपत्र काढून घेता येतं. उद्या वकील गाठू, यतीनला नोटीस देऊ, रद्द केल्याचा कागद रजिस्टर करू.

“ते उद्या,” ताई म्हणाल्या. “आज माझ्या घरात जो माणूस उभा आहे, त्याला कोण सांगणार? दिशा, यतीनला फोन लाव.”

दिशा हलेना. ताईंनी हात पुढे केला तो मागे घेतलाच नाही. शेवटी तिने फोन लावून दिला.

“यतीन, त्या माणसाकडे फोन दे,” ताई म्हणाल्या. पलीकडून तो बराच वेळ काही सांगत राहिला. “ऐकलं मी. आता दे त्याला.”

ताईंचं हिंदी भाजीबाजारात शिकलेलं. त्या ताठ बसल्या आणि म्हणाल्या, “शेठ, मैं सुगंधा. वो घर मेरा है. मेरे को बेचने का नहीं. हां, उसके पास कागज है, मालूम है. पण मैं जिंदा है ना? तो मैं बोलती वोच खरा.” पलीकडून काहीतरी प्रश्न आला. “टोकन दिया तो उससे वापस लो. अभी के अभी. मेरे घर के बाहर जाके.”

त्यांनी फोन दिशाला परत दिला. काशीनाथने न सांगता पलंगाखालची पिशवी काढून त्यांचे कपडे भरायला घेतले. दिशा भिंतीला टेकून रडत होती.

“मी यतीनला काय सांगू, मावशी?”

ताईंनी पदरातली मेथी वर्तमानपत्रावर झटकली आणि माझा खांदा धरून उठल्या.

“सांग, चावी घेऊन दारातच थांब. मी येतेय.”