भाऊसाहेब सलाईनवर

उत्तरा मावशी रिटायर होऊन पोर्टलंडहून माझ्याकडे अ‍ॅरिझोनात चँडलरला राहायला आली, ती दोन बॅगा आणि एक बादली घेऊन. बादलीत भाऊसाहेब होते. भाऊसाहेब म्हणजे तिचा गोल्डफिश. बादलीला सीटबेल्ट लावलेला होता.

"यांना इथलं पाणी मानवलं तर राहीन, सौमित्र," बॅगांना हात न लावता मावशी म्हणाली. "नाहीतर आम्ही दोघं परत."

मला मावशी हवी होती. एक तर एकट्याला घर खायला उठतं, आणि दुसरं म्हणजे तिची कोथिंबीर भरलेली सांबारवडी.

"टाकी तयार आहे, पाण्यातलं क्लोरीनपण काढलंय. सोडू?"

"वेडा आहेस का? पोर्टलंडचं पाणी मऊ. तुमचं म्हणजे पातळ केलेलं सिमेंट. एकदम सोडलं तर शॉक बसेल त्यांना. थेंब थेंब मिसळायचं."

थेंब थेंब म्हटल्यावर मराठी माणसाला एकच वस्तू आठवते. मी देवघरातलं अभिषेकपात्र आणून बादलीवर धरलं.

"तांब्याचं?" मावशी किंचाळली. "तांबं पाण्यात उतरतं. माशांना विष असतं ते!"

विष महादेवाला पचतं. भाऊसाहेबांचं तसं नसावं.

मावशी भूलतज्ज्ञ. तिने पर्समधून नवाकोरा सलाईनचा सेट काढला. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं बादलीत. चाक फिरवून थेंब बारीक केले आणि खुर्ची ओढून शेजारी बसली.

तेवढ्यात शेजारचा परीक्षित दारात आला. सोफ्याआडची बादली त्याला दिसेना, नळी दिसली.

"सलाईन? कोणाला, यार?"

"भाऊसाहेबांना," मी म्हणालो.

"पाणी बदललंय ना, जपावं लागतंय," मावशी म्हणाली.

परीक्षित चवड्यांवर चालत परत गेला. लगेच मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला: 'सौमित्रकडे भाऊसाहेब सलाईनवर. कृपया गर्दी करू नये.'

त्यामुळे गर्दी झाली. मंडळातल्या शोभाकाकू मऊ भात घेऊन आल्या. बादलीत डोकावल्या. भातावर झाकण पुन्हा नीट बसवलं.

"आलेच आहे तर भेटून जाते," म्हणाल्या आणि बसल्या.

अखेर मावशीने भाऊसाहेबांना जाळीने अलगद टाकीत सोडलं. ते थेट दगडामागे गेले. मावशीने चिमूटभर खाणं टाकलं. खाणं तरंगत राहिलं. मावशीचा हात बॅगेच्या मुठीवर गेला.

मग दगडामागून शेपटी हलली. भाऊसाहेब वर आले, एक घास घेतला, थुंकला, पुन्हा घेतला.

"भूक लागली म्हणजे उतार आहे," शोभाकाकू म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

मावशीने बॅगेची चेन उघडली. "कपाट रिकामं कर."

मी इतक्या जोरात कपडे बाहेर फेकले की दारातून डोकावणाऱ्या परीक्षितने ग्रुपवर टाकलं: 'भाऊसाहेब बरे आहेत. सौमित्र घर सोडतोय.'