उलट्या हाताचा छापा

मी एक जुना लिनोचा तुकडा आहे आणि माझ्या मनात दोन मुलींबद्दल राग आहे. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा काही निवला नाही. मित्रांनो, तुम्ही ऐकणार असाल तर सगळं सांगतो.

जवसाच्या तेलात लाकडाचा भुसा घोटून गोणपाटावर थापला, की माझ्यासारखा लिनो तयार होतो; त्यावर चित्र कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर छापायचं. परभणीच्या एका चित्रकलेच्या वर्गात मी येऊन पडलो आणि त्रिवेणीच्या वाट्याला गेलो. मुलगी सोनपेठची, हातात कला होती. तिचे आज्जा सांबप्पा लिंगायत रीतीप्रमाणे रोज सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करत. त्या वेळी त्यांनी कधी कुणाला फोटो काढू दिला नव्हता. नातीसाठी मात्र चित्राला बसायला कबूल झाले. "एकदाच बसतो. परत म्हनू नको," म्हणाले.

रेखाटन इतकं सुरेख उतरलं की त्रिवेणी हुरळून गेली. तोच कागद तिने माझ्यावर जसाच्या तसा चिकटवला आणि कागदासकट कोरायला घेतलं. खरं तर लिनोवर चित्र उलटं करून घ्यायचं असतं, म्हणजे छापल्यावर ते सुलटं येतं. वर्ग घेणाऱ्या बन्सीधर सरांनी हे बजावून सांगितलं होतं. पण समोर आज्जांचा चेहरा होता, तिला दुसरं काही सुचलंच नाही. कागदाचा चुरा झाला आणि मी नटलो. कपाळावर भस्माच्या रेघा, नाकाचा बाक, हाताच्या शिरा! येणारा-जाणारा मला उचलून बघायचा. ते दिवस फार चांगले होते.

वर्गाचा एक रिवाज होता. दर सोमवारी छापे दोरीला टांगायचे. ज्याचा छापा त्याने गप्प उभं राहायचं, बाकीच्यांनी गुणदोष सांगायचे. सांगणाऱ्याचं पुरतं होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही. माझा एकच छापा निघाला होता, तो टांगला. त्रिवेणीच्याच खोलीत राहणारी तिची मैत्रीण राजेश्री, पोखर्णीची, पुढे आली आणि खुदकन हसली.

"अगं, आज्जानं इष्टलिंग उजव्या हातात घेतलंय की! तुमच्यात डाव्या हातावर घेतेत ना?"

सगळा वर्ग खो खो हसला. ते हसणं मी अजून माफ केलेलं नाही. राजेश्री पुढेही काहीतरी सांगत होती, पण ऐकतंय कोण? त्रिवेणीने छापा ओढून टराटरा फाडला, मला उचललं आणि तडक खोलीवर आली. "ह्या हातानंच हसं केलं माझं," असं म्हणत तिने रुंद कोरणी घेतली आणि आज्जांचा हात इष्टलिंगासकट खरवडून काढला. लिनोतलं एकदा गेलं की परत भरत नाही. मला ओरडता आलं नाही. पण त्याच घडीला मी मनाशी ठरवलं, या दोघींना सोडायचं नाही.

दोघींचं बोलणं बंद झालं. एका खोलीत राहायच्या, पण एकमेकींकडे पाठ करून जेवायच्या. कॉटखालून मी सगळं बघत होतो. राजेश्री तिच्या लिनोवर गावच्या चहाच्या हॉटेलाची पाटी कोरत होती, आणि अक्षरं चक्क सरळ! म्हणजे छापल्यावर उलटी येणार. त्रिवेणीलाही ते दिसलं. ती नुसती गालात हसली. खोटं कशाला बोलू, मलाही फार बरं वाटलं.

सोमवारी त्रिवेणीने मला पिशवीत घातलं. माझ्या अंगावरचा खड्डा तिला राजेश्रीच्या नाकासमोर धरायचा होता. राजेश्रीने वर्गातच छापा काढला. अक्षरं उलटी आली आणि त्रिवेणी तिच्यावर तुटून पडली.

"दुसऱ्याच्या आज्जाचा हात बराबर दिसतो, सोताची पाटी दिसत न्हाई? डोळे झाकून कोरायलीस का?"

वर्ग हसला. राजेश्री रिवाजाप्रमाणे शेवटपर्यंत गप्प उभी राहिली. मग तिने त्या ओल्या छाप्यावर कोरा कागद ठेवला, चमच्याच्या पाठीने घासला आणि उचलला. अक्षरं जरा फिकट, पण सुलटी!

"मुद्दाम सरळ कोरली," ती म्हणाली. "त्या दिवशी हेच सांगायलते मी. तू छापा फाडून निघून गेलीस. मग मी बी म्हनलं, आता न्हाई सांगायचं."

मी तेव्हा त्रिवेणीच्या हातात होतो. ती मला पाठीमागे लपवू लागली. राजेश्रीचं लक्ष माझ्यावरच्या खड्ड्याकडे गेलं आणि तिने चमचा खाली ठेवला. जिंकल्याचा आनंद तिलाही झाला नाही.

पुढे वर्गाच्या प्रदर्शनासाठी दोघींनी मिळून माझा छापा काढला आणि त्याच युक्तीने सुलटा केला. सांबप्पा सोनपेठहून एसटीने आले. चष्मा पुसून जवळ गेले. "नाक माझंच हाय. भस्म बी बराबर," म्हणाले. मग आपला डावा तळहात उघडून त्यांनी छाप्यात हाताच्या जागी उरलेल्या पांढऱ्या डागाशेजारी धरला.

"पर हात कुठं गेला गं माय? माझा देव कुठं ठिवला?"

मला सूड हवा होता, तो पुरेपूर मिळाला. पण तो पडला त्या म्हाताऱ्या माणसावर, ज्याने कुणाचंच काही बिघडवलं नव्हतं.

मित्रांनो, कुणाची चूक दाखवायची असेल तर आधी हसू नका. आणि कुणी तुमची दाखवत असेल तर हातातली कोरणी खाली ठेवा आणि त्याचं बोलणं पुरतं होऊ द्या.