वर केलेला हात

काका लॅपटॉपसमोर हात वर करून बसले होते. सहावं मिनिट चालू होतं.

"काका, हा हात नाही. खाली हाताचं चित्र आहे, ते दाबायचं."

"गप गं. शिकवणं चालू आहे."

काका पाणीपुरवठ्याच्या पंपघरात सव्वीस वर्षं मेकॅनिक. पंपाला कान लावून कुठलं बेअरिंग रडतंय ते सांगतात. आता वरून फर्मान आलं होतं: ऑनलाइन प्रशिक्षणात साठ टक्के सहभाग असेल तरच पंपघर, नाहीतर फाटकावर वॉचमनगिरी. सहभाग मोजायचा क्लिकवरून. मागच्या तासाला काकांनी एकच क्लिक केलं आणि थेट वर्गाबाहेर पडले. तेव्हापासून ते माउसला शिवत नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून शब्दन् शब्द वहीत उतरवतात. त्याचे गुण शून्य.

पडद्यावर लिहिलं होतं, 'प्रथम पंप सुरू करावा, नंतर त्यात पाणी भरावे.'

"अहो, कोरडा फिरवला तर सील जळेल!" काका ओरडले. माइक बंद होता.

बाकीच्यांनी धडाधड अंगठे पाठवले. एकाने फुगा पाठवला. फुगा! पंप जळतोय आणि याचा वाढदिवस चाललाय.

"मी दाबते बटण."

काकांनी माझं मनगट धरलं. "परीक्षा माझी आहे. तू दाबलंस तर कॉपी होईल."

"फाटकावर बसवतील तुम्हाला!"

"कॅमेरा आहे ना समोर? दिसतोय की हात."

वर्गात साठ जण होते. सरांना पडद्याच्या पहिल्या पानावरचे पंचवीसच दिसत. काका तिसऱ्या पानावर हात वर करून बसले होते.

"कोणाला काही शंका?" सरांनी विचारलं. काकांनी हात इतका उंच केला की चौकटीत नुसतं कोपर उरलं. "नाही? छान!"

निकाल उमटला. 'सहभाग शून्य टक्के. विद्यार्थी निष्क्रिय.'

निष्क्रिय! ज्याच्या हातांमुळे अख्ख्या गावाच्या नळाला पाणी येतं, तो निष्क्रिय. आणि उद्यापासून पंपघराची किल्ली फुग्याकडे.

काकांनी निकालही वहीत उतरवून घेतला. मग लॅपटॉपचं झाकण दोन्ही हातांनी, अगदी सावकाश मिटलं.

"मी असते तर दाणकन आपटलं असतं," मी म्हणाले.

"झडप कधी झटक्यात बंद करू नये," काका म्हणाले. "पाइप फुटतो."