उत्तरासाठी वळणारे स्टूल

मित्रांनो, डॉक्टरांच्या टेबलासमोर रुग्णासाठी ठेवलेले मी एक जुने फिरते स्टूल आहे. मला पाठ नाही. टेकायची सोय केली की माणसे लवकर उठत नाहीत, असे मला विकत घेताना डॉक्टर म्हणाले होते.

माझा जन्म एका लोखंडी सामानाच्या कारखान्यात झाला. तिथल्या वेल्डरने मला पाय जोडले, मधोमध पिळाचा दांडा बसवला, वर गोल बैठक चढवली आणि एका बोटाने मला गरकन फिरवून पाहिले. "लोण्यासारखं फिरतंय," तो म्हणाला. ही माझ्या आयुष्यातली पहिली स्तुती. ती ऐकून मी किती फुशारले होते, हे आठवले की आज अंगावर काटा येतो.

मी फिरते ते डॉक्टरांना रुग्णाची पाठ तपासता यावी म्हणून, अशी निदान कारखान्याची समजूत होती. दवाखान्यात निराळेच दिसले. "काय होतंय?" असे डॉक्टरांनी विचारले, की बसलेले माणूस पायाच्या अंगठ्याने जमीन रेटून मला फिरवी. लहान मूल आईकडे वळे, ते मी समजू शकत होते. पण म्हातारे वडील मुलाकडे वळत, नोकर मालकाकडे वळे, आणि बायका तर जवळपास सगळ्याच वळत. घरातला कर्ता पुरुष तेवढा एकटा येई आणि नाकासमोर बघून बोले. कुणाच्या दुखण्याचे उत्तर कोण देणार, हे माणसे घरूनच ठरवून येत. आणि आपण असे काही ठरवले आहे, याची त्यांना गंधवार्ताही नसे.

एके दिवशी एक शिक्षिका आली. सोबत सासूबाई आणि नवरा. ती माझ्यावर बसली, ते दोघे बाजूच्या खुर्च्यांवर.

"शाळेत वक्तृत्व शिकवते हो," सासूबाईंनी बसता बसता सांगितले. "दरवर्षी तिची पोरं ढाली आणतात. घरात मात्र तिचा आवाज भिंतींनासुद्धा माहीत नाही." त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता. नवरा हसला. डॉक्टरही हसले.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारले. मी सासूबाईंकडे फिरले.

"पित्त," सासूबाई म्हणाल्या.

"दुखतं कुठे?"

"इथे, वरती. शाळेच्या गडबडीत धड खात नाही."

"फार दुखतं का?"

"छे हो. सोशिक आहे आमची सून. मागे हात भाजला, तर पाहुणे जाईपर्यंत कुणाला कळू दिलं नाही."

शिक्षिकेने पोटाच्या उजव्या बाजूला, अगदी खाली, मूठ रोवून धरली होती. तिच्या अंगाची थरथर माझ्या पायांतून फरशीत उतरत होती. टेबलाआडची ती मूठ डॉक्टरांना दिसली नाही. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचवायला शिकवणारी ती बाई टेबलापलीकडच्या माणसापर्यंत एक शब्द पोहोचवू शकली नाही. "फारच सोशिक," असे म्हणत डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या.

त्या शब्दाने मी हादरले. मित्रांनो, आपली भाषा या बाबतीत किती संपन्न आहे ते पाहा. दुखणे गिळणारी सोशिक, समंजस, शालीन, घरंदाज. 'दुखतंय' म्हणणारी नाजूक, नाटकी, कांगावखोर. एवढी तजवीज एका दिवसात होत नाही. पुष्कळ सुशिक्षित, सुस्वभावी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ती केली आहे. आणि जिथे धाक अपुरा पडला, तिथे कौतुक कामाला लावले आहे.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने तिला उचलूनच आणले. माझ्यावर बसवली, तर ती कलंडली. अपेंडिक्स फुटले होते. रुग्णवाहिका बोलावून डॉक्टरांनी पांढऱ्याफटक चेहऱ्याने तिला विचारले, "अहो, काल का नाही सांगितलंत?"

"ती कधी बोलतच नाही हो," नवरा म्हणाला. हेही त्यानेच सांगितले.

शस्त्रक्रिया झाली. ती थोडक्यात वाचली. बरी झाल्यावर दाखवायला आली, तेव्हा "आता दुखतं का?" असे विचारताच तिचा अंगठा पुन्हा जमिनीला टेकला. मरणाच्या दारातून परतलेली बाई, आणि अंगठा तोच. मला खरा धक्का बसला तो इथे.

"अगदी ठणठणीत आहे," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी उठून माझ्या बैठकीची कड हाताने घट्ट धरली. "आई, तुम्ही नाही. त्यांना सांगू द्या."

"अहो, मी काय परकी आहे?"

"परक्या नाही. पण पोट त्यांचं आहे."

 तिने दोनदा घसा खाकरला. "दुखतं," ती म्हणाली. "कुशीवर वळलं की जास्त. झोप लागत नाही." आवाज वर्गातला नव्हता, पण तिचा होता.

आता तिला बोलणी बसणार, असे मला वाटले. सासूबाई सुनेकडे बघतच राहिल्या. "माझे गुडघे दुखतात," त्या म्हणाल्या. "ते कुणी कधी विचारलंच नाही."

"आई, तुझे गुडघे दुखतात?" नवरा चकित झाला. "कधीपासून?"

"तू पाळण्यात होतास तेव्हापासून."

मित्रांनो, आता माझ्या पिळाला गंज चढला आहे आणि मला फिरवायला जोर लागतो. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आत्मकथेच्या शेवटी थोडे तेल मागतात, तशी रीतच आहे. माझी विनंती उलट आहे. मला तेल घालू नका. जो माझ्यावर बसेल त्याला वळणे जड जाऊ द्या, आणि त्याच्या तोंडून उत्तर येईपर्यंत तुम्ही गप्प बसा.