ऐंशी, साठ, पन्नास, पस्तीस

“कोपर वाकव. अजून जरा. आणि खांदे कशाला कानाला लावून बसलीस? सोड खाली.”

“सोडले.”

“हे सोडलेले खांदे?”

“मास्तर, मी सायकलवर बसलेय, परीक्षेला नाही.”

दुकानाच्या भिंतीला एक खांदा टेकवून ती सायकलवर बसली होती आणि तो तिच्यासमोर गुडघ्यांवर, गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. सायकल तिची, दुकान त्याचं आणि दोघांचा संसार एकोणीस वर्षांचा. सगळं गाव त्याला मास्तर म्हणायचं, कारण सायकल दुरुस्तीला घेऊन आलेल्या माणसाला तो आधी बसायचं कसं ते शिकवायचा. ती पाणीपुरवठ्यात नोकरीला होती. डोंगरावरच्या तीन टाक्यांची पातळी रोज सकाळी जाऊन बघायची, वहीत लिहायची आणि खाली येऊन ऑफिसात द्यायची. वर जाणारा रस्ता नुसत्या खडीचा, जीपसुद्धा दुसऱ्या टाकीपाशी नांगी टाकायची. म्हणून ही रुंद टायरची, डोंगरात चालणारी सायकल.

आज तो तिच्या सायकलला तिसरा स्टेम बसवत होता. स्टेम म्हणजे हँडलला सायकलीशी जोडणारा बोटभर लांबीचा तुकडा. नवी सायकल घेताना लोक चाकं बघतात, गिअर बघतात, रंग तर हमखास बघतात, स्टेमकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण तो नको इतका लांब निघाला की माणूस पुढे ओढला जातो, अंगाचा भार तळहातांवर येतो आणि तासाभरात बोटं कामातून जातात. फार आखूड निघाला तर चढावर सायकल हातात ठरत नाही. मास्तरचं सगळं नाव या एका गोष्टीवर होतं. एक वकील डोक्यावरच्या हेल्मेटला शोभेल असा लाल स्टेम मागायला आले होते. मास्तरने त्यांना न विचारता काळा, दोन सेंटिमीटर आखूड स्टेम लावून दिला, आणि सहा वर्षांची मानदुखी महिन्यात गेली. तेव्हापासून वकीलसाहेब भेटेल त्याला सांगत सुटायचे की डॉक्टरांनी हात टेकले आणि सायकलवाल्याने बरं केलं. असं दोन-चारदा झालं की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला कळतं.

तिची तक्रार सुरू झाली ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. तिसऱ्या टाकीवरून उतरताना ब्रेक दाबायला गेली आणि दाबलाच गेला नाही. रस्त्याकडेच्या चारीत पडली, गुडघा सोलून घरी आली.

“ब्रेक ठीक आहे रे,” ती म्हणाली. “उजव्या हाताची पकडच सुटली.”

त्याने सायकल बघितली, तिला बघितलं आणि निदान केलं. ऐंशी मिलिमीटरचा स्टेम तिला लांब पडतोय, हाताची नस दबतेय. ऐंशीचा काढला, साठचा लावला. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड असे त्याच्याकडे, तसं तिचंही होतं. त्यावर तारीख घातली आणि पुढे लिहिलं : उजवी पकड सुटते.

“कसं वाटतंय?” आठवड्याने त्याने विचारलं.

“बरंच बरं,” ती म्हणाली, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

दोन महिन्यांनी ऑफिसातून तक्रार आली की तिच्या वहीतले आकडे लागत नाहीत. खडीवरून उतरून लगेच लिहिते, हात हलत असणार, असं त्यानेच तिला समजावलं. त्यावेळी ब्रेकचा दांडा बोटांच्या जवळ आणून दिला. कार्डावर लिहिलं : अक्षर हलतं, टाकीच्या कुलपात किल्ली फिरवताना त्रास. आणि आज हा तिसरा, पन्नासचा, तोही तोंड वर असलेला, म्हणजे हँडल आणखी उंच आणि आणखी जवळ.

“आता?” त्याने विचारलं.

“आता मस्त,” ती म्हणाली.

पण त्याने तिला उतरताना बघितलं. तिने डाव्या हाताने उजवा हात हँडलवरून उचलला. नुसता उचलला, एखादी पिशवी बाजूला ठेवावी तसा.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान अर्धा तास आधी उघडलं आणि तिला बोलावून घेतलं. कुठल्याच स्टेमने भागेना अशा गिऱ्हाइकासाठी त्याची एक युक्ती होती. हँडलच्या मुठींना तो निळी पूड चोळायचा, माणसाला पाच मिनिटं मूठ आवळून बसवायचा आणि मग तळहात बघायचा. जिथे निळं जास्त तिथे भार जास्त.

“दाखव.”

तिने हात पुढे केले. डावा तळहात नेहमीसारखा, अंगठ्याखाली निळा, बोटांच्या पेरांवर निळा. उजव्यावर पूड लागली न लागली अशी. जणू त्या हाताने काही धरलंच नव्हतं.

“अगं, आवळून धर म्हटलं होतं.”

“आवळूनच धरलं होतं.”

“परत बस. चांगलं दाब.”

ती परत बसली. दाबताना तिचा जबडा घट्ट झाला, मानेची शीर वर आली, कपाळावर घाम आला. त्याने तळहात पुन्हा बघितला. तसाच. मग त्याने हात उलटा केला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधे, हाताच्या पाठीवर, जिथे मांस फुगीर असतं तिथे खड्डा होता. हजारो हात हातात घेतलेला माणूस तो, आणि जो हात रोज घरात होता तो त्याने आज बघितला.

“हे कधीपासून?”

“काय?”

“इथे. असं खोल.”

“वय झालं आता, मास्तर.”

फडकं घेऊन त्याने तिची बोटं एकेक करून पुसली. त्यानंतर तो जे म्हणाला त्याबद्दल त्याने स्वतःला पुढे कधीच माफ केलं नाही. तो म्हणाला, “पस्तीसचा लावून बघू.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. “लाव,” ती म्हणाली.

पस्तीसचा लावला त्याला चार दिवस झाले असतील नसतील, तिची मोठी बहीण दुकानात आली. मागच्याच गल्लीत राहणारी, हसतमुख, जाता-येता मेहुण्याची टिंगल केल्याशिवाय पुढे न जाणारी बाई. आज ती हसत नव्हती.

“तिच्या शर्टाची बटणं कोण लावतं, माहीत आहे तुम्हाला?” ताईंनी विचारलं.

“बटणं?”

“मी लावते. दोन महिने झाले. तुम्ही दुकान उघडायला निघालात की मी येते. वेणीही मीच घालते. कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय मला, आज मोडली. काल चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता तिने, तरी पडला.”

“ताई, मी नवा स्टेम...”

“अहो, कसला स्टेम घेऊन बसलात!” ताईंचा आवाज फुटला. “ती सायकल धडधाकट आहे! माझी बहीण बघा ना जरा!”

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी तिला बोट दाबायला लावलं, कागदाचा तुकडा बोटांत धरायला लावला, छोट्या हातोडीने गुडघे ठोकले, सुया टोचून तपासणी केली. मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी विचारलं, “हे नेमकं कधी सुरू झालं? आठवतं का?”

ती नवऱ्याकडे बघायला लागली. आणि मास्तर सांगू लागला.

“ऐंशीचा होता तेव्हा पहिल्यांदा पकड सुटली. साठचा लावला, त्याच्यावर एकवीस दिवस चांगले गेले. मग किल्ली फिरेना. पन्नासच्या आधी पंधरा दिवस अक्षर बिघडलं...”

“ऐंशी काय?” डॉक्टरांना कळेना.

त्याने खिशातून कार्ड काढून दिलं. का आणलं होतं हे त्यालाही सांगता आलं नसतं. डॉक्टरांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं, मग पुन्हा वाचलं आणि एकेक तारीख आपल्या कागदावर उतरवून घेतली.

“तीन महिन्यांची इतकी नीट नोंद आमच्याकडे कुणी आणत नाही,” त्या म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या. मास्तरला तिथल्या तिथे जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत चालल्या होत्या. उजवा हात, मग डावा, मग पुढे बाकीचं. औषधाने चाल थोडी मंदावते, थांबत नाही. डॉक्टरांनी काही लपवलं नाही आणि घाईही केली नाही.

“तीन महिने आधी आणलं असतं तर?” त्याने विचारलं.

“फार फरक पडला नसता.”

“थोडा?”

डॉक्टर क्षणभर थांबल्या. “फार नाही,” त्या म्हणाल्या. त्या क्षणभराने त्याचं जे केलं ते पुढे कुणाच्या समजावण्याने निस्तरलं नाही.

बाहेर बाकावर दोघं बसले. समोर नळाशी माणसं पाणी पीत होती. तिने सवयीने वर गच्चीवरच्या टाकीकडे बघितलं.

“तुला कळलं होतं,” तो म्हणाला.

“बटणं लागेनात तेव्हा कळलं. बटणांना कुठे स्टेम असतो?”

“मग बोलली का नाहीस? मी काय परका होतो? एक स्टेम काढतोय, दुसरा लावतोय, गाढवासारखा! आणि तू म्हणायचीस, मस्त वाटतंय!”

“ओरडू नकोस. लोक बघतात.”

“बघू देत!”

ती म्हणाली, “दर वेळी नवा स्टेम हातात घेऊन उठायचास ना सकाळी, काय खूश असायचास. माझ्याकडे बघायचास ते, ही आता होईल ठीक, असं बघायचास. इथे आलो की तसं कुणी बघणार नाही, हे ठाऊक होतं मला. मला अजून थोडे दिवस हवे होते तसे. घेतले मी.”

तो रडला. भर दुपारी, इस्पितळाच्या दारात, गळ्यात टेप तसाच राहिला होता तो घेऊन रडला. तिला त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा होता, तो तिथपर्यंत उचलला गेला नाही. म्हणून ती सरकून त्याला टेकली.

हिवाळा सरता सरता नोकरी सुटली. वही आणि टाकीची किल्ली ऑफिसात जमा झाली. त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी ती दुकानात येऊन उभी राहिली.

“माझी सायकल अशी टांगून ठेवू नकोस,” ती म्हणाली. “तुझ्या मापाची कर.”

“मी कुठे चालवतो?”

हे खरं होतं. साऱ्या गावाला सायकलवर नीट बसवणारा हा माणूस स्वतः दुकानात पायी यायचा, आणि त्यावरून तिने एकोणीस वर्षं त्याची खेचली होती.

“आता चालव. वरच्या टाकीवर जा, पाणी किती आहे बघ आणि मला येऊन सांग. नवा माणूस खालूनच अंदाजाने आकडे टाकतो, मला कळतं ते. चल, बस. माप मी घेते.”

तो निमूटपणे बसला. ती लांब उभी राहून, एक डोळा बारीक करून बघत राहिली.

“सत्तर,” ती म्हणाली.

“मला ऐंशी लागेल गं.”

“मास्तर, स्वतःचं माप स्वतःला कळतं होय? सत्तर.”

त्याने सत्तरचा काढून लावला. बसून पाहिलं. सत्तरच बरोबर होता. पुढच्या झाकणाचे चार स्क्रू राहिले होते, त्या चारांनी हँडल आवळून धरायचं.

“हे मी आवळणार,” ती म्हणाली. “आण ती किल्ली.”

त्याने किल्ली दिली आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभा राहिला. तिने दोन्ही हात लावले, तेवढ्याने होईना म्हणून किल्लीच्या टोकाला छाती टेकवून अंगाचा भार दिला. किल्ली घसरून खाली पडली. त्याने उचलून पुन्हा तिच्या बोटांत बसवली. पुन्हा पडली, पुन्हा दिली. एक गिऱ्हाईक दारात आलं, त्याला त्याने नुसत्या मानेने परत पाठवलं. पहिला स्क्रू, मग तिरका समोरचा, मग तिसरा, क्रम ती चुकली नाही. चौथा होईस्तोवर तिचे ओठ पांढरे पडले होते.

“झालं?” तिने विचारलं.

त्याला हात लावून बघायची गरज नव्हती. निम्मेसुद्धा आवळले नव्हते. याहून कितीतरी घट्ट स्क्रूंवर सायकल घेऊन निघालेल्या माणसांना त्याने रस्त्यावरून हाका मारमारून माघारी आणलं होतं, चार शब्द सुनावले होते.

“झालं,” तो म्हणाला. “पक्कं बसलंय.”

“मग दाखव चालवून.”

सायकल रस्त्यावर घेऊन तो बसला. हँडल मुठीत किंचित फिरलं. त्याने अंगाचा सगळा भार मागे घेतला, हात हँडलवर नुसते ठेवले आणि माणूस चालेल इतक्या हळू कोपऱ्यापर्यंत गेला. तिथे मोठा वळसा घेऊन वळला. ती दुकानाच्या दाराला टेकून उभी होती, तिचे दोन्ही हात दोन्ही बाजूंना लोंबत होते आणि ती हसत होती.

“अरे, काय ही चाल!” ती ओरडली. “जोरात ये की!”

“आलो, आलो,” तो म्हणाला, आणि तसाच हळूहळू येत राहिला.